‘अपरिचित मॉरिशस’मध्ये मराठी माणूस कसा नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला ‘अपरिचित मॉरिशस’ हा पानभर लेख वाचला. दिवसभर तो डोक्यातून गेला नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे. लेखकाशी माझं काही वाकडं नाही. त्यांची भाषा ओघवती आहे, समुद्राचं वर्णनही छान केलं आहे. पण ‘अपरिचित’ म्हणून त्यांनी दिलं आहे काय? कॅटामरान बोटीची सफर, डॉल्फिन, शामारेलची सात रंगांची माती, झिपलाइन, रमची चव आणि हॉटेलातला सेगा नाच. यातलं सगळं कुठल्याही टूर कंपनीच्या पत्रकाच्या पहिल्याच पानावर असतं. गणपती तोंडावर आलेले, वृत्तपत्र मराठी, विषय ‘मॉरिशसची स्थानिक संस्कृती’, आणि तिथे पाच-सहा पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांबद्दल अख्ख्या पानात एक ओळ नाही! याचा मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

लेखात कॅसेला पार्कवर दोन परिच्छेद आहेत. तिथले सिंह, जिराफ, दोरीवरून दरी ओलांडण्याचा थरार, तिकीट कसं काढायचं, सगळं आहे. बेटावरच्या गणेशोत्सवाचं नाव मात्र नाही. मॉरिशसच्या गणेशोत्सवाची सुरुवात हेन्रिएटा या गावातून, १८९६ साली झाली असं तिथे मानतात. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला १८९३ मध्ये. म्हणजे जेमतेम तीन वर्षांनी हिंदी महासागरातल्या एका बेटावर, उसाच्या मळ्यांमध्ये राबणाऱ्या मराठी मजुरांनी गणपती बसवला. आज तिथे गणेश चतुर्थीची देशभर सार्वजनिक सुट्टी असते. ती चतुर्थीला नसते, दुसऱ्या दिवशी असते. म्हणजे आपल्याकडे दीड दिवसाचा गणपती जातो त्या दिवशी. अख्खा देश त्या दिवशी विसर्जनासाठी मोकळा असतो. मराठी वाचकाला मॉरिशसबद्दल सांगायची याहून मोठी गोष्ट कोणती?

हे मी ऐकीव लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी नेमक्या गणपतीतच आम्ही तिथे होतो. मुलाने हौसेने बुकिंग केलं होतं आणि तारखा त्याच आल्या. घरचा गणपती दिरांकडे सोपवून निघताना मला चुटपूट लागली होती. टूर कंपनीच्या माणसाला मी निघण्याआधी फोन करून विचारलं, तिथे मराठी लोकांचे गणपती असतात, एखाद्या ठिकाणी दर्शनाला नेता येईल का? तो म्हणाला, बघू, तिथे गेल्यावर जमवू. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण बाकीच्या कंपन्याही हेच करत असणार याची मला खात्री आहे.

सुट्टीच्या त्या दिवशी आमच्या टूर लीडरने सकाळीच जाहीर केलं की आज पब्लिक हॉलिडे, बाजार बंद, तेव्हा आपण कॅसेलाला जाऊ. बस पश्चिमेकडच्या रस्त्याने निघाली. दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात मधेमधे काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग. शेतं मोकळी करताना मजुरांनी हातांनी वेचून रचलेले हे दगड. तेवढ्यात समोरून मिरवणूक आली. बायका ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या, पुरुष पांढऱ्या कपड्यांत, दोघांनी गणपती धरलेला, मागे ढोलकी आणि झांजा. बस हळू झाली. मी उठून पुढे गेले आणि म्हटलं, पाच मिनिटं थांबवा, नमस्कार करून येते. बसमधल्या आणखी चार-पाच जणी उठल्या. टूर लीडर म्हणाला, “काकू, हे आपल्याकडे असतंच की! शेड्यूलमध्ये बसत नाही.” आणि बस पुढे गेली.

“हे आपल्याकडे असतंच की.” संपादक महोदय, हे वाक्य मला अजून डाचतं. कालचा लेखही त्याच समजुतीतून लिहिलेला आहे. जे आपल्यासारखं आहे ते बघण्यासारखं नाही, आणि जे बघण्यासारखं आहे ते फक्त निळं पाणी, असं आपण कधीपासून ठरवलं?

बसचा ड्रायव्हर सगळं ऐकत होता. तो क्रिओल ही तिथली बोली बोलायचा, आमच्याशी मोडक्या हिंदीत. संध्याकाळी आम्हाला फ्लिक-आँ-फ्लाकच्या हॉटेलवर सोडल्यावर तो माझ्यापाशी आला आणि म्हणाला, माझ्या मावशीकडे गणपती जास्त दिवस असतो, यायचं असेल तर घेऊन जातो. तोही मराठी होता! दिवसभर आमच्या गाडीच्या स्टिअरिंगवर एक मराठी माणूस बसला होता आणि आम्हाला ते कोणी सांगितलं नव्हतं. मी, माझे यजमान आणि बसमधल्या एक जोशीकाकू असे तिघे गेलो.

सिमेंटचं बैठं घर, पुढे अंगण, अंगणात तुळस. गणपतीपुढे खोबऱ्याचे मोदक. घरातली मुलं आपसात क्रिओल बोलत होती, शाळेतलं फ्रेंच-इंग्रजीही मधूनच यायचं, पण आरतीला उभी राहिली तेव्हा ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ न अडखळता पूर्ण म्हटली. जेवणं झाल्यावर अंगणात झाकरी सुरू झाली. मधोमध गाणारा, ढोलकीवाला आणि झांजवाला, भोवती गोल करून नाचणारे, पायांत घुंगरू. माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. गणपतीत आमच्या अंगणात रात्र रात्र चालणारी जाखडी बघत मी वाढले. तोच गोल, तोच पायाचा ठेका, तसंच एका पायावर वळून आत येणं. आमच्या गावातली पोरं आता मुंबईहून चाकरमानी आले तरच नाचायला उभी राहतात. तिथे शाळकरी पोरं नाचत होती. घरातल्या आजींना मी म्हटलं की आमच्याकडे हेच आहे. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, “तुम्ही रत्नागिरीच्या का?” त्यांचे पणजोबा मुंबई बंदरातून जहाजावर चढले, एवढंच त्यांना ठाऊक होतं. गाव ठाऊक नव्हतं. आडनावावरूनही शोध लागत नाही, कारण त्या काळच्या नोंदीत मजुराचं नुसतं नाव लिहिलं जायचं आणि पुढे बापाचं नाव हेच पोरांचं आडनाव झालं.

१८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर करारावर या बेटावर उतरले. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशाकडचे, बरेच तमिळ-तेलुगू, आणि रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या बाजूचे आपले लोक. पोर्ट लुईला ते जिथे उतरायचे तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. त्याच्या सोळा दगडी पायऱ्या चढून माणूस मळ्यावर जायचा. पोर्ट लुईच्या बंदराजवळच्या मॉलवर आपल्या लेखात चार ओळी आहेत; घाट तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्याचा उल्लेख नाही. मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन १९६० पासून काम करतं. मोका या गावातल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी विभाग आहे, प्राथमिक शाळांत मुलं मराठी शिकतात. १९९१ मध्ये जागतिक मराठी परिषद तिथे भरली, तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांनी रकाने भरून लिहिलं होतं. आता पुरवणीला त्यातलं काही आठवत नाही.

आणि हे मी फक्त मराठी-मराठी करत म्हणत नाही. लेखात सेगाबद्दल जे लिहिलं आहे तेही वरवरचं आहे. हॉटेलातला सेगा आम्हीही पाहिला. कीबोर्ड, झगमगीत झगे, पाहुण्यांना हात धरून नाचायला ओढणं. पण रविवारी समुद्रावर जा. तिथली घरंच्या घरं पातेली घेऊन सहलीला येतात आणि दुपार कलली की बकऱ्याच्या कातड्याचं रावान हे डफासारखं वाद्य बाहेर निघतं. आधी ते शेकोटीवर शेकून ताणून घेतात, मग बसतात. गुलामांनी जपलेलं हे गाणं २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, ते हॉटेलातल्या कार्यक्रमासाठी नव्हे. ल मोर्नच्या डोंगराचं वर्णन ‘सूर्यास्तासाठी उत्तम पॉइंट’ एवढंच केलं आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्या कड्यांच्या आडोशाला लपून राहायचे. म्हणून तो २००८ मध्ये जागतिक वारसा झाला. सूर्यास्त तर कुठूनही दिसतो.

भोजपुरी बायकांची लग्नातली गीत-गवई, ढोलक आणि लोटा-थाळी-चमच्यावरची, तीही २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. महाशिवरात्रीला गंगा तलावाकडे खांद्यावर कावड घेऊन चालत जाणारे हजारो लोक, तमिळांची कावडी, सप्टेंबरमध्ये पेर लावाल या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या समाधीकडे रात्रभर चालणारे सगळ्या धर्मांचे यात्रेकरू. यातलं काहीच लेखकाला दिसलं नाही? निदान खाण्याबद्दल तरी लिहायचं. रस्त्यावर जोडीने मिळणारी डाळपुरी, आत शेंगांची उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी. आमच्या ग्रुपला मात्र रोज रात्री त्याच भारतीय रेस्टॉरंटमध्ये पनीर बटर मसाला.

आता दुसरी गोष्ट. लेखाबरोबरचं मोठं रंगीत छायाचित्र. खांबांवर पाण्यात उभ्या केलेल्या झोपड्यांची लांबच लांब ओळ आणि मध्ये लाकडी पूल. मॉरिशसच्या किनाऱ्यावर आम्हाला असं कुठेही दिसलं नाही. हे चित्र मालदीवचं असावं अशी माझी दाट शंका आहे. कृपया तपासून घ्या आणि चूक असेल तर दुरुस्ती छापा. आणि लेखाच्या खालच्या अर्ध्या पानावर एका टूर कंपनीची मॉरिशसची जाहिरात आहे. लेखातला ठिकाणांचा क्रम आणि जाहिरातीतल्या सात दिवसांच्या कार्यक्रमाचा क्रम जवळजवळ एकच आहे. मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. तो जाहिरातीचा भाग असेल तर वर तसं स्पष्ट लिहा. वाचक त्यावर विश्वास ठेवून दीड-दोन लाख रुपये भरतात.

माझी आपल्याला मनापासून विनंती आहे. पुढच्या रविवारी, गणपतीच्या आधी, मॉरिशसच्या गणेशोत्सवावर अर्धं पान तरी द्या. मंडळी फेडरेशनच्या लोकांशी बोला, झाकरीवर कोणाकडून तरी लिहून घ्या. तिथे भाद्रपदात जाणाऱ्या वाचकांना एवढं जरूर सांगा की सुट्टी ऋषिपंचमीला असते, विसर्जनं त्या दिवशी नदीवर आणि समुद्रावर होतात, आणि बुकिंग करतानाच टूर कंपनीकडून तो दिवस मोकळा असल्याचं लेखी घ्यावं. तोंडी ‘बघू’वर जाऊ नये.

कळावे,
आपली अनेक वर्षांची वाचक,
चिपळूण