तीन रकाने काढून दाखवणाऱ्या अनोळखी मित्रास

नमस्कार,

आभार उघडपणे मानतोय, कारण तुमचा पॅच दिसायला एवढासा आहे आणि तो वाचून कुणालाही वाटेल, यात काय मोठंसं केलं?

बग लिनक्स कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला: मोकळ्या केलेल्या मेमरीत कुणीतरी लिहीत राहायचं. तुमच्याआधी त्याकडे बघणाऱ्यांची उत्तरं ठरलेली. रॅम बदला. मेमरी टेस्ट लावा (ती दर वेळी पास). आणि सगळ्यात ठाम उत्तर असं, की एमरीमॅप (प्रोसेसची मेमरी एका पत्त्यावरून दुसऱ्यावर हलवणारा कॉल) तर एमएमॅप सेमाफोर, म्हणजे प्रोसेसच्या मेमरी-नकाशाचं कुलूप, राइटसाठी धरूनच काम करतो, मग रेस, म्हणजे दोन कामांची वेळेवरून टक्कर, येईलच कुठून? याच उत्तराने सर्वांत जास्त घोळ घातला, कारण त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे. एकाने मध्ये प्रिंटके (कर्नलच्या लॉगमध्ये ओळ छापणारा कॉल) घातला. टायमिंग बदललं, बग दिसेनासा झाला आणि तिकीट 'सुटलं' म्हणून बंद झालं.

तुम्ही कोडच्याही आधी तीन रकाने काढून पाठवलेत. पहिल्यात एमरीमॅप: पेज टेबलमधली (कुठला पत्ता मेमरीच्या कुठल्या पेजवर, म्हणजे तुकड्यावर, जातो याच्या यादीतली) नोंद जुन्या पत्त्यावरून उचलली, नव्यावर ठेवली, पेज टेबलची लॉक सोडली. टीएलबी, म्हणजे त्या नोंदींची सीपीयूने जवळ ठेवलेली प्रत, तिचा फ्लश (साफसफाई) अजून व्हायचाय. दुसऱ्यात त्याच प्रोसेसचा थ्रेड, वेगळ्या सीपीयूवर, टीएलबीतल्या शिळ्या नोंदीच्या जिवावर जुन्या पत्त्यावर लिहितोय. तिसऱ्यात एफट्रंकेट, फाइल छाटणारा कॉल. हा येतो फाइलच्या बाजूने, एमएमॅप सेमाफोरला हातही लावत नाही. त्याला नोंद नव्या जागी सापडते, ती तो पुसतो, नव्या पत्त्यापुरता टीएलबी साफ करतो आणि पेज मोकळं करतो. जुन्या पत्त्याची शिळी नोंद तशीच राहिली. ते पेज दुसऱ्याच कुणाला मिळालं, आणि मधला रकाना लिहितोच आहे. त्या ओळीसमोर तुम्ही शब्दही लिहिला नव्हता. नुसता एक बाण.

सगळे वाद त्या बाणापाशी थांबले. खरं सांगायचं तर पॅचपेक्षा त्या बाणाचे आभार जास्त.

बग हुकमी आणायची तुमची रीतही लिहून ठेवतो, कुणाला उपयोगी पडेल. तीन थ्रेड तीन वेगळ्या सीपीयूंना बांधायचे. लॉक सुटल्यानंतर आणि फ्लशच्या आधी चाचणीपुरता एमडिले (काही मिलिसेकंद थांबवून ठेवणारा कॉल) घालायचा. लिहिणाऱ्या थ्रेडला सेगफॉल्टचा हँडलर द्यायचा, नाहीतर मॅपिंग हललं की प्रोसेसच मरते. फाइल दोन-चार पेजेसचीच ठेवायची. इथेच आमच्याकडचे सगळे चुकले होते: एक्स८६ प्रोसेसरवर फ्लशची रेंज ३३ पेजेसच्या वर गेली की कर्नल एकेक नोंद न पुसता सगळा टीएलबीच रिकामा करतो. मग शिळी नोंदही आपोआप जाते आणि बग लपतो. मोठी फाइल घेऊन रात्रभर चाचणी चालवणारे म्हणून 'काही नाही' म्हणत राहिले. प्रत्यक्षात एमडिलेची गरजही नसते. लॉक सुटली की प्रीएम्प्ट होणाऱ्या (चालू काम मध्येच थांबवून दुसरं घेऊ शकणाऱ्या) कर्नलमध्ये एमरीमॅपचा थ्रेड नेमका तिथे बाजूला पडू शकतो, आणि तेवढीशी फट मिलिसेकंदांची होते.

केएसॅन, म्हणजे मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलचं साधन, गप्प का होतं, हेही तुमच्यामुळे कळलं. ते कंपायलरने कर्नलच्या कोडमध्ये पेरलेली तपासणी आहे. इथे लिहिणारा यूजरस्पेसमधला (कर्नलबाहेरचा साधा प्रोग्राम), तोही थेट हार्डवेअरमार्फत. केएसॅनला त्याची चाहूलही लागत नाही. पेज पॉयझनिंग (मोकळं पेज ठरलेल्या बाइटने भरून ठेवणं) चालू केल्यावर मात्र मोकळ्या पेजमधल्या ०xएए च्या रांगेत परके बाइट सापडले.

मेनलाइनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ कोडमध्ये, ही दुरुस्ती ऑक्टोबर २०१८ मध्ये, ४.१९ च्या वेळी आली; या सुरक्षा-त्रुटीचा जाहीर क्रमांक सीव्हीई-२०१८-१८२८१. ४.१४.७८ आणि ४.९.१३५ या स्टेबल आवृत्त्यांतही ती गेली. ज्यांनी आम्हाला कर्नल दिला त्यांच्या कोडच्या प्रतीत आवृत्तीचा आकडा याच्या पुढचा होता, पॅच मात्र वाटेत गळला होता. आकडा बघून सगळे निर्धास्त. तुम्ही फंक्शन उघडून पाहिलंत.

दुरुस्ती एवढीच, की फ्लश आता लॉक सोडण्याआधी होतो. क्लीन पेजेससाठी शेवटी एकदाच होणारा फ्लश दर तुकड्याला होऊ लागला, म्हणजे मोठं मॅपिंग हलवताना बाकीच्या सीपीयूंना जास्त इंटरप्ट. हा खर्च तुम्ही पहिल्याच ओळीत सांगितलात. आमच्या क्षेत्रात हुशार माणसं पुष्कळ आहेत. आपल्या उपायातली खोट न विचारता सांगणारी, आणि समोरच्याला 'तुम्हाला एवढंही कळत नाही?' असं न म्हणता रकाने आखून देणारी फार थोडी.

एक बारीकशी गोष्ट. तिसऱ्या रकान्यात, फ्लशच्या ओळीत, घाईत नव्याऐवजी जुना पत्ता पडला होता. तेवढा दुरुस्त करून आकृती त्या फंक्शनच्या वर कमेंट म्हणून चिकटवली आहे. बाण जिथे होता तिथेच आहे.

तुमचे ऋणी,
आकडा बघून निर्धास्त झालेले