उकळून आर्सेनिक जात नाही

महोदय,

आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ लागतं. खाडी आत सरकल्याचं जीभच सांगते. आर्सेनिक या विषाला मात्र ना चव, ना वास. बंगालात जमिनीखालच्या पाण्यात ते सापडतं, त्यावरून परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, "बंगालातली माणसं पाणी उकळून का पीत नाहीत?" अहो, उकळल्यावर वाफ जाते, आर्सेनिक पातेल्यातच उरतं, उलट दाट होतं! गंगेच्या त्रिभुज प्रदेशात गाळातला पालापाचोळा कुजताना ऑक्सिजन संपतो, वाळूच्या कणांवरची लोहाची तांबूस पुटं विरघळतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. आमचा कोकणातला जांभा दगड वेगळा, कबूल. पण बोअर मारणारा 'पाणी लागलं' एवढंच सांगून पैसे घेऊन जातो. तपासणीचा कागद कुणी मागत नाही. मीही मागितला नव्हता.

– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, गुहागर