साप्पोरोहून: एका विद्येचा प्रवास

साप्पोरो

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. प्रत्येक साम्राज्याची तऱ्हा निराळी, इंग्रजांनी ऑस्ट्रेलियात केलं त्याचा जपान्यांनी होक्काइदोत केलं त्याच्याशी संबंध लावू नये, असं तू लिहिलंस. मला हे अजिबात पटलेलं नाही. दुसऱ्याच्या भूमीत आपली माणसं वसवायची आणि ती भूमी कायमची आपली करायची, ही विद्या साम्राज्यं एकमेकांकडून शिकली. तीही चोरून नव्हे, पगार देऊन मास्तर आणून, कॉलेज काढून.

1869 मध्ये जपानच्या नव्या सरकारने आइनू या इथल्या मूळनिवासी लोकांचं हे बेट आपल्या राज्यात घेतलं, त्याला होक्काइदो नाव दिलं आणि ते वसवण्यासाठी स्वतंत्र खातं उघडलं. पलीकडे रशिया टपलेला होता, म्हणून घाई. दोन वर्षांनी या खात्याचा अधिकारी कुरोदा कियोताका अमेरिकेला गेला आणि तिथल्या शेती खात्याचा प्रमुख होरेस कॅप्रन यालाच वर्षाला दहा हजार डॉलर पगारावर घेऊन आला. हा कॅप्रन पूर्वी टेक्सासमधल्या मूळ जमातींसाठी नेमलेला सरकारी एजंट होता. त्याच्या मागोमाग बियाणं आलं, नांगर आले, गुरं आली, मोजणीदार आले. एडविन डन नावाचा ओहायोचा पशुपालक आला. निईकाप्पूच्या कुरणात लांडगे घोड्यांवर पडत, तेव्हा याने मांसात स्ट्रिक्नीन हे विष घालून ते रानात टाकायला लावलं. अमेरिकेतल्या कुरणांवरची ही नेहमीची रीत. आइनूंसाठी लांडगा म्हणजे कामुई, देव. 1890 च्या आसपास बेटावर एकही लांडगा उरला नाही.

1876 मध्ये इथे शेतकी कॉलेज निघालं. मॅसॅच्युसेट्सच्या शेतकी कॉलेजचे अध्यक्ष विल्यम क्लार्क येऊन आठ महिने राहिले. त्यांचा पुतळा बघायला आजही पर्यटकांची रीघ असते. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा विद्यार्थी सातो शोसुके. तो बाल्टिमोरला गेला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अमेरिकेतल्या जमिनीच्या प्रश्नाच्या इतिहासावर त्याने प्रबंध लिहिला आणि परत येऊन याच कॉलेजचा प्रमुख झाला. पुढे होक्काइदोची जमीन 300 केन, म्हणजे सुमारे 545 मीटर बाजूच्या चौकोनांत आखली गेली, थेट अमेरिकेच्या पश्चिमेसारखी. इथले रस्ते कोसच्या कोस सरळ का जातात, ते नकाशा उघडलास की कळेल. त्या रेघांखाली आइनूंची गावं, सामन मासे धरण्याची नदीकाठची ठिकाणं, शिकारीची रानं होती. ती 1877 च्या नियमांनी आधीच सरकारजमा झाली होती.

आता कायद्याकडे नीट बघ. 1887 च्या डॉज कायद्याने अमेरिकेत जमातींची सामाईक जमीन फोडून कुटुंबप्रमुखाला 160 एकर दिले आणि उरलेली गोऱ्यांसाठी मोकळी केली. 1934 पर्यंत 13 कोटी 80 लाख एकरांपैकी सुमारे 9 कोटी जमातींच्या हातून गेले. 1899 मध्ये जपानने आइनूंच्या ‘संरक्षणा’चा कायदा केला. घरटी जास्तीत जास्त पाच हेक्टर, तीही शेतीसाठीच, आणि पंधरा वर्षांत कसली नाही तर परत सरकारजमा. सांगाडा ओळखीचा वाटतो ना? दोनच वर्षं आधी बाहेरून येणाऱ्या जपानी भांडवलदाराला शेतीसाठी 500 हेक्टरपर्यंत जमीन मिळण्याची सोय झाली होती. एकाला पाच, दुसऱ्याला पाचशे! हे वाचलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही.

जर्मनीतही हेच चालू होतं. प्रशियाने 1883 मध्ये माक्स झेरिंगला उत्तर अमेरिकेतली शेती बघायला पाठवलं. 1886 मध्ये बिस्मार्कने पोलिश जमीनदारांच्या जमिनी विकत घेऊन तिथे जर्मन शेतकरी बसवण्यासाठी आयोग नेमला आणि दहा कोटी मार्क दिले. साप्पोरोचा ताकाओका कुमाओ पुढे या प्रशियन पद्धतीचा अभ्यासक झाला.

या सगळ्यात मला अस्वस्थ करतो तो नितोबे इनाझो. याच कॉलेजचा विद्यार्थी, क्वेकर पंथाचा ख्रिस्ती, पुढे पहिल्या महायुद्धानंतरच्या राष्ट्रसंघाचा उपमहासचिव. त्याची छबी 5000 येनच्या नोटेवर होती. मनाने वाईट माणूस नव्हे. बाल्टिमोर आणि जर्मनीतलं हाल्ले इथे शिकून तो साप्पोरोत शिकवू लागला. 1901 मध्ये तो जपानच्या ताब्यातल्या तैवानला गेला आणि तिथल्या साखर उद्योगाची आखणी त्याने केली. 1909 मध्ये तोक्यो विद्यापीठात वसाहत धोरणाचं अध्यासन त्याला मिळालं. विद्यार्थी मास्तर झाला. 1936 मध्ये ईशान्य चीनमधल्या मांचुरियात वीस वर्षांत दहा लाख शेतकरी कुटुंबं वसवायची योजना जपानने आखली, तोवर कुणाला परदेशी मास्तरची गरजच नव्हती. चांगली, शिकलेली, देवभीरू माणसं ही वसाहतीची विद्या पीक आणि नांगर यांची विद्या म्हणून शिकत-शिकवत राहिली. म्हणूनच ती इतकी सहज पसरली, असं माझं मत आहे.

1899 चा कायदा रद्द झाला 1997 मध्ये. 2019 च्या कायद्याने आइनूंना मूळनिवासी म्हटलं, पण जमीन किंवा मासेमारीचा हक्क दिला नाही. नदीत सामन धरण्याच्या हक्कासाठी उराहोरोच्या आइनूंनी दावा लावला होता, तो साप्पोरोच्या कोर्टाने एप्रिल 2024 मध्ये फेटाळला.

तू गडचिरोलीत वनहक्काच्या दाव्यांचं काम करतोस, म्हणून एक मागतो. तुमच्याकडच्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा गावाने पुरावे कसे उभे केले, ग्रामसभेने काय ठराव केले, ते तपशिलाने लिहून पाठव. इथे काही जण ऐकायला उत्सुक आहेत. जपानी भाषांतर मी करीन. आणि लवकर लिही.

तुझा,
मिलिंद