सरकारी नोकरी सोडणाऱ्या मित्रास

दादर, मुंबई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

वीस वर्षांची सरकारी नोकरी सोडून तू खाजगी कंपनीत जाणार म्हटल्यावर घरच्यांनीच तुला ‘फितूर’ म्हणावे, हे वाचून फार वाईट वाटले, आणि डॉ. जॉन मथाई आठवले. चिंतामणराव देशमुखांनी 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडले, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. त्यांच्या आधी त्याच पदावर असलेल्या मथाईंनीही 1950 मध्ये राजीनामा दिला होता, हे मात्र क्वचितच कोणी सांगते.

मद्रासला अर्थशास्त्र शिकवणारे हे प्राध्यापक पुढे टॅरिफ बोर्डाचे अध्यक्ष झाले. कोणत्या उद्योगाला आयातीपासून संरक्षण द्यावे याची शिफारस करणारे ते मंडळ. ते पद सोडल्यावर काही वर्षांनी, वयाची पन्नाशी उलटल्यावर, ते टाटांकडे आले. 1944 च्या ‘बॉम्बे प्लॅन’वर सह्या करणाऱ्या आठ जणांत ते होते, पंधरा वर्षांत दहा हजार कोटी रुपये गुंतवण्याच्या त्या आराखड्यात उद्योगपतींनीच सरकारला अर्थव्यवस्थेत मोठा वाटा देऊ केला होता. स्वातंत्र्यानंतर ते आधी रेल्वेमंत्री आणि मग अर्थमंत्री झाले.

ज्याने स्वतः योजना आखली, त्यानेच नियोजन आयोगावर आक्षेप घेऊन पद सोडावे, याचे मला पूर्वी नवल वाटे. आता वाटत नाही. त्यांचा विरोध नियोजनाला नव्हता. आयोग हे समांतर मंत्रिमंडळ होईल आणि खर्चाला संसदेत उत्तर देणाऱ्या अर्थमंत्र्याच्या हातातला अधिकार निसटेल, ही त्यांची भीती होती. राजीनाम्यानंतर ते टाटांकडे परतले, तरी सरकारने त्यांना कर चौकशी आयोगाचे अध्यक्ष नेमले, आणि 1955 मध्ये नव्या स्टेट बँकेचे पहिले अध्यक्षपदही दिले. त्याच सुमारास ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. टाटांचे मुख्यालय बॉम्बे हाउस ते विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ही पायी दहा-बारा मिनिटांची वाट. त्या वाटेने जाताना मला त्यांची आठवण हटकून येते.

म्हणून तुला ‘बाजू बदललीस का’ असे मी विचारणार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे: त्या कंपनीची एखादी फाइल गेल्या काही वर्षांत तुझ्या सहीने पुढे गेली आहे का? गेली असेल, तर पगार कितीही असो, ही नोकरी घेऊ नकोस. नसेल, तर वहिनींना आणि काकांना समजावायला मी स्वतः येतो. उलट टपाली कळव.

तुझाच,
जुना वर्गमित्र