ताई, आईचा वास परत आला

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीये, पण फोनवर सांगायला गेले की रडू येतं आणि सगळं तसंच राहून जातं म्हणून हे लिहितेय.

आईकडे एकच परफ्यूम होता, डिओरिसिमो. कपाटात कपड्यांच्या मागे खोक्यासकट ठेवलेला. रोज नाही लावायची, काही महत्त्वाचं असलं की कानामागे एक थेंब, आणि माझी परीक्षा असली की माझ्या रुमालाच्या कोपऱ्यालाही एक. पेपर अवघड गेला की मी तो रुमाल नाकाशी धरून बसायचे. हिरवागार, ओला, स्वच्छ वास. ती गेली तेव्हा तळाशी थोडासाच उरला होता आणि मी ठरवलं होतं, लावायचा नाही, फक्त अधूनमधून झाकण उघडायचं.

आणि मग त्या तापानंतर मला वास येणंच बंद झालं. आधी वाटलं सर्दी आहे, जाईल, पण दोन महिने झाले तरी काहीच नाही, आणि एका रात्री आईची फार आठवण आली म्हणून बाटली उघडली तर पाणी हुंगल्यासारखं, काही म्हणजे काहीच नाही. पुढे पुढे त्यातून जळक्या रबराचा वास यायला लागला. ते जास्त वाईट होतं ताई, आईची बाटली हातात आणि मला मळमळतंय.

घरचे म्हणायचे जीव वाचला ना, वासाचं काय एवढं. दवाखान्याच्या बाकावर तुम्ही शेजारी बसला होतात, ओळख ना पाळख, माझं ऐकलंत आणि एवढंच विचारलंत, "कोणाचा वास शोधतेयस?" तेव्हाच कळलं की तुम्हीपण यातून गेलायत.

वास परत यावा म्हणून त्या चार बाटल्या तुम्हीच भरून दिल्यात. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची, घाई करायची नाही, निदान 12 आठवडे. जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांच्या टीमने 2009 मध्ये पेशंट्सवर हे करून पाहिलंय, हेही तुम्हीच सांगितलंत. नाकातल्या वासाच्या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होत असतात, आणि जळका वास म्हणजे बऱ्याचदा त्या परत जोडल्या जाताना होणारी गडबड, घाबरू नकोस म्हणालात. त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस काढले.

पण माझ्या मनात सगळ्यात घट्ट बसलंय ते वेगळंच. मी परफ्यूमचं नाव सांगितलं तर तुम्ही त्याच्याबद्दल सगळं वाचून काढलंत आणि रात्री फोन केलात. म्हणालात, अगं हा लिली ऑफ द व्हॅलीचा वास आहे आणि त्या फुलाचा अर्क काढताच येत नाही! हा परफ्यूम बनवणाऱ्या एदमाँ रुदनित्स्काने ती फुलं स्वतःच्या बागेत लावली, हुंगून हुंगून अभ्यास केला आणि दुसऱ्याच पदार्थांमधून तो वास उभा केला, 1956 मध्ये. "तूही तसंच कर, नाकाला येत नाही तोवर आठवणीतून बांध." मग रोज गुलाबाची बाटली नाकाशी धरून मी डोळे मिटायचे आणि तो रुमाल आठवायचे, त्याची घडी, आईची बोटं, सगळं.

गुलाब पाचव्या महिन्यात आला, अगदी पुसट. आईची बाटली उघडायला मात्र मी अजून दोन महिने घाबरत होते. तुम्ही सांगितलेलं तसं कागदाच्या पट्टीवर एक थेंब टाकला आणि थांबले, कारण जुन्या परफ्यूममध्ये सुरुवातीचे हलके वास आधी बिघडतात, लगेच ठरवायचं नाही. पहिल्यांदा आंबूस काहीतरी आलं, पोटात गोळा आला, पण पट्टी टाकून नाही दिली. अर्ध्या तासाने परत नाकाशी नेली आणि ताई, हिरवं आलं. ओलं, हिरवं. मी परीक्षेच्या बाकावर बसलेली होते आणि आई बाहेर उभी होती.

त्या बाकावर माझ्याशी बोललात त्याबद्दल, आणि सात महिने एकही रविवार न चुकवता फोन केलात त्याबद्दल, खूप खूप आभार.

लवंग अजून नीट येत नाहीये, पण दोन्ही वेळेला चालू आहे. या रविवारी फोन मी करते.