आडातल्या गाळाविषयी

पुणे

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली की आडाचे पाणी अजून गढूळच येते आणि बाबांनी त्यात पुन्हा मूठभर ब्लिचिंग पावडर टाकली. तेव्हापासून माझे लक्ष तिकडेच लागले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

गणपतीत घरी आले होते तेव्हा मोटर सुरू केल्यावर आलेले पहिले पाणी मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून ओट्यावर रात्रभर ठेवले होते. सकाळी तळाशी करंगळीच्या नखाएवढा काळसर साका बसला होता, पण वरचे पाणी ताकाच्या निवळीसारखे धुरकटच राहिले होते. तळाशी बसला तो मोटरीने आडाच्या बुडातून ओढलेला गाळ. वर राहिले ते काळ्या मातीचे अतिशय बारीक कण. त्यांच्यावर सारखाच विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि नुसते ठेवून लवकर खाली बसत नाहीत. आजी घागरीत तुरटी फिरवायची ती याचसाठी, कारण तुरटीमुळे हे कण एकमेकांना चिकटून जड होतात. वीस लिटरच्या बादलीला एक ग्रॅमच्या आसपास तुरटी पुरते. ती विरघळल्यावर पाणी थोडा वेळ हलक्या हाताने ढवळावे, मग तासभर न हलवता ठेवून वरचे पाणी फडक्यातून गाळून घ्यावे.

बाबा, गढूळ पाण्यात ब्लिचिंग पावडरीचा बराचसा क्लोरीन गाळातल्या कुजक्या अंशावरच खर्च होतो आणि मातीच्या कणांआड राहिलेले जंतू वाचतात, म्हणून आधी पाणी निवळले पाहिजे. पावडरही मुठीने नको. आपल्या आडाचा व्यास दोन मीटर आणि पाणी पाच मीटर धरले तर सुमारे १५,७०० लिटर होतात. चांगली पावडर १,००० लिटरला २.५ ग्रॅम लागते, म्हणजे एकंदर ४० ग्रॅम. ती बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ तेवढे आडात सोडावे आणि तासभर पाणी उपसू नये.

खरे काम मात्र आडातच आहे. मोटरीचा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या खालच्या टोकाची झडप, बुडाला टेकत आला असावा. तो तीनेक फूट वर घेतला तरी पहिल्या बादलीतला गाळ पुष्कळ कमी होईल. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की आपल्या परड्यापर्यंत ओल येते, आणि उत्तरेकडच्या बाजूला दगडी बांधणीचे सांधे उघडे पडले आहेत तिथून माती आत उतरते, असे मला वाटते. गवंड्याकडून ते सांधे भरून घ्यावेत आणि कठड्याभोवतीचा ओटा बाहेरच्या बाजूला उताराचा करून घ्यावा, नाहीतर काढलेला गाळ पुढच्या पावसाळ्यात पुन्हा साठेल.

गाळ वैशाखात, पाणी खाली गेल्यावर काढू, पण बाबा, तुम्ही आत उतरायचे नाही. जुन्या आडाच्या तळाशी प्राणवायू कमी असू शकतो, कुजलेल्या गाळातून विषारी वायूही सुटतात, आणि बुडाशी माणूस बेशुद्ध पडला की त्याला काढायला उतरणाराही तिथेच पडतो. दिवा सोडून पाहणेही पुरेसे नाही, कारण काही विषारी वायू दिव्याला कळत नाहीत. या कामातली, वायू मोजण्याचे साधन आणि कमरेला दोर असलेली माणसे बोलावू. डिझेल इंजिन आडात उतरवू देऊ नका, त्याचा धूर जीव घेतो.

तोवर पिण्याला आणि स्वयंपाकाला नळाचेच पाणी वापरा. आडाचे धुण्याभांड्यांना असू द्या. आई, पाणी उकळल्याने जंतू मरतात, गाळ जात नाही, आणि फिल्टरची कँडल असल्या पाण्याने चार दिवसांत तुंबते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एन.टी.यू.पर्यंत (हे गढूळपणा मोजण्याचे एकक) असावा, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर ५. आपल्या बरणीतले पाणी डोळ्यांनाच धुरकट दिसत होते. दिवाळीत आले की प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणून नमुना मीच देईन.

ती बरणी टाकू नकोस, आई. फूट व्हॉल्व्ह वर घेतल्यावर मोटरीचे पहिले पाणी तिच्यात भरून रात्रभर ठेव आणि सकाळी साका किती बसला ते मला फोनवर सांग.

तुमची लेक