साल विचारलं, सून ऐकू आली

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात सरकारी नोकरीत ३१ वर्षं सिस्टर होते, त्यातली बरीच वर्षं डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या वॉर्डात गेली, त्यामुळे हे नुसती नातेवाईक म्हणून चिडून लिहितेय असं समजू नका. चिडलेय हे मात्र खरं.

मागच्या आषाढात आमच्या सासूबाई, वय ८२, बाथरूममध्ये घसरल्या आणि डोकं कडाप्प्यावर आपटलं. रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, म्हणून वाट बघत बसलो नाही, रिक्षा केली आणि जवळच्या खाजगी हॉस्पिटलात नेलं, गडबडीत कानाचं मशीन घरीच राहिलं. कॅज्युअल्टीत तरुण डॉक्टर होते, पोरगा हुशार, आधी शुगर बघितली (शुगर उतरली तरी माणूस पॅरालिसिससारखं वागतं, हे भलेभले विसरतात), पण प्रश्न सगळे हिंदीत आणि भराभर. "दादी, साल कौनसा है?" सासूबाईंना ऐकू आलं सून. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ही काय, उभी आहे की." पुढं महिना विचारला तर "आषाढ" म्हणाल्या, म्हणजे बरोबरच, पण तोवर कागदावर व्ही ४ पडलं होतं, म्हणजे बोलण्याला ५ पैकी ४. कन्फ्युज्ड, गोंधळलेल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ साली पेशंट किती शुद्धीवर आहे हे मोजायची ही मोजपट्टी काढली. डोळे उघडण्याचे ४, बोलण्याचे ५, हातपाय हलवण्याचे ६, एकूण १५. काहीच हालचाल नसली तरी ३ मिळतातच, ८ किंवा खाली गेलं की धावपळ सुरू. आता कुणी म्हणेल एका मार्कानं काय होतंय. तर पहिला आकडा हाच पाया असतो हो, पुढं दर अर्ध्या तासाला सिस्टर उठवून विचारते ते त्याच्याशीच जुळवून बघते, (नातेवाईक वैतागतात, "झोपू द्या ना आजीला", पण झोप कुठली आणि गुंगी कुठली हे उठवल्याशिवाय कळत नाही). पायाच एकनं चुकीचा धरला आणि रात्री दोनला आत रक्त साठून बाई खरंच बरळायला लागली तर चार्टवर परत ४च येणार, आणि ड्युटीवरची मुलगी लिहिणार की जैसे थे.

हात बघतानाही तेच. दोन बोटं हातात देऊन "दाबा" म्हणायचं, आणि मग "सोडा" पण म्हणायचं, कारण नुसती मूठ आपोआपही आवळली जाते, सोडणं ऐकून समजून होतं. ते समजलंच नाही तर ६ चे ५ होतात. तळवे वर करून हात पुढं धरायला सांगायचं असतं तेव्हा आम्ही म्हणायचो, आजी, प्रसाद घेताना धरता तसे धरा आणि डोळे मिटा. एक हात हळूच खाली येऊन पालथा व्हायला लागला की समजायचं, त्या बाजूला जोर कमी आहे.

आमच्या वॉर्डात तेलुगू आणि कन्नड बोलणारे पेशंट कायम असायचे, विणकामातली माणसं, अक्कलकोटकडची माणसं. "मी पेरु एमिटी", "निम्म हेसरेनु" एवढं आम्ही वॉर्डातल्या मावश्यांकडूनच शिकलो होतो. वर्ष, महिना, हे ठिकाण कुठलं, दाबा, सोडा, एवढेच तर शब्द लागतात, चार भाषांत लिहून टॉर्चच्या ट्रेला चिकटवले तर एका झेरॉक्सचा खर्च. माझी हॉस्पिटलवाल्यांना तेवढीच विनंती आहे.

आणि घरच्यांनाही सांगते, मशीन आणि चष्मा विसरू नका, मोतीबिंदूचं ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं झालंय ते न विचारता सांगा. सासूबाईंची डावी बाहुली ऑपरेशनपासून वाकडीच आहे, टॉर्च मारल्यावर, आत रक्त साठलं की काय या शंकेनं, डॉक्टरांचा चेहरा बदलला तेव्हा मला मधे बोलावं लागलं. सीटी स्कॅन केला, तो करायलाच हवा होता, निघालं काही नाही.

मशीन आणल्यावर रात्रीच्या सिस्टरनं मराठीत विचारलं तर पूर्ण ५ मिळाले. पण डिस्चार्ज कार्डावर अजून "भरती होताना गोंधळलेल्या" असंच आहे, दोनदा जाऊन सांगितलं, म्हणतात कॉम्प्युटरमध्ये गेलंय, आता बदलता येत नाही.

आपली,
एक रिटायर्ड सिस्टर, सोलापूर